मास्तरीणबाईंच्या कंबरेच्या खुणा

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. कपडे शिवणाऱ्यांच्या गळ्यात लोंबते ना, ती. माझ्यावरचे आकडे पुसट झालेत, टोकाची पितळी पट्टी केव्हाच निघून गेली. ज्यांच्या गळ्यात माझं आयुष्य गेलं, त्या बाई आता नाहीत. म्हणून त्यांची गोष्ट मलाच सांगावी लागते आहे.

एका कारखान्यात मेणकापडाच्या लांबलचक पट्टीतून मला कापून काढलं. तिथून मी दुकानात आले आणि बाईंनी मला त्यांच्या पहिल्या मशीनबरोबर घरी आणलं. पुरुष शिंप्याला मास्तर म्हणतात, म्हणून शेजाऱ्यांनी बाईंना मास्तरीणबाई करून टाकलं. त्यांची धाकटी जाऊ काजं-बटणं करायची. दोघी जावा दिवसभर एका खोलीत बसतात आणि भांडत नाहीत, याचंच लोकांना अप्रूप होतं.

बाई माप घेताना मला कधी आवळायच्या नाहीत. शिवणीत दोन बोटं जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. ती ठेवल्याशिवाय त्यांनी एकही कपडा हातावेगळा केला नाही. माणूस आज आहे तसा उद्या राहत नाही, हे त्या जाणून होत्या. वापरून वापरून मी ताणले गेले आणि इंचभर कमी माप सांगू लागले. मग गिऱ्हाइकांसाठी नवी टेप आली आणि मी खिळ्यावर गेले. वाईट वाटलं, पण बाई स्वतःची कंबर मात्र मलाच घेऊन मोजायच्या. "नवी टेप फटकळ आहे," त्या जावेला सांगायच्या, "ही आपली भिडस्त आहे."

मग बाईंच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर होता. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली, केस गेले. जावेने मऊ सुती कापडाच्या टोप्या शिवून दिल्या. आता अंगाची काडी होणार, अशी सगळ्यांनी मनाची तयारी केली होती. झालं उलटंच. बाईंची कंबर वाढू लागली.

लोक खूश झाले. "औषध मानवलं हो तुम्हाला. तब्येत सुधारली," जो तो म्हणायचा. नवऱ्याने थट्टेत विचारलं, "चोरून डबे उघडतेस की काय?" बाई हसल्या. पूर्वीच्या निम्मंही जेवण जात नव्हतं त्यांना. मला भारी राग आला, पण टेपच्या रागाला कोण विचारतो?

बाई आपल्या ड्रेसची शिवण उसवत गेल्या. मी कंबरेला वेढले की जिथे माप येईल तिथे त्या नखाने खूण करायच्या. खुणा पुढे पुढे सरकत राहिल्या आणि एक दिवस ड्रेसमधली माया संपली. तेव्हा बाईंनी शिंप्यासारखाच विचार केला. जास्तीचं असेल ते कातरायचं. त्यांनी जेवण कातरलं. सकाळी चहा, दुपारी चार घास आणि नंतर "भूक नाही गं".

इथेच घात झाला, मित्रांनो. स्वतःची कंबर स्वतःला मोजता येते. दंडाला टेप गुंडाळायची तर एकाच हाताने गुंडाळावी लागते, ती घसरते, आकडा वाचता येत नाही. म्हणून बाई कंबरच मोजत राहिल्या आणि दंड कुणीच मोजला नाही. दवाखान्यातल्या काट्यावर वजन तेवढंच भरायचं. "स्थिर आहे, छान," असं म्हणून नर्स पुढच्या पेशंटला बोलवायची.

एका दुपारी बाईंना मशीनचं पायडल दाबवेना. उठायला गेल्या आणि कोसळल्या. जावेने दंडाला धरून सावरलं, आणि तिचा चेहराच उतरला. तिने मला खिळ्यावरून काढलं.

"ताई, हात पुढे करा."

"कशाला गं?"

"करा म्हणते ना."

मी दंडाला वेढले, मग मांडीला. बाईंची जुनी मापं जावेला तोंडपाठ होती. तिने दंडाच्या आकड्यावर नखाने खूण केली. "ताई, कंबर वाढलीय, पण हातपाय पार झिजलेत. आणि मी रोज समोर बसून काय बघत होते?"

"मला वाटलं, मी नुसती सुटत चाललेय," बाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. साखर वाढलेली होती. "आम्हीही काट्यावर विसंबलो," त्या म्हणाल्या. "या उपचारांनी अन्न वापरायची शरीराची रीतच बदलते. मांस झिजतं, चरबी पोटावर साठते. पाळी बंद पडते, काही औषधांनी साखर चढते. त्यात उपास केलात तर मांस आणखीच जातं. अंडी, दूध, कडधान्यं, सगळं खायचं. आणि रोज थोडं चालायचं."

बाई खाऊ लागल्या. जाऊ समोर बसून खाऊ घालायची. काही आठवड्यांनी दंडाची खूण केसभर पुढे सरकली, तेव्हा दोघी रडल्या. मलाही वाटलं, निभावलं.

पण पुढच्या केमोनंतर ताप आला. त्याच्याशी झुंजायला अंगात काही शिल्लकच नव्हतं. दवाखान्यात जायला जिना उतरताना बाई जावेला म्हणाल्या, "शिवायला आलेल्या त्या हिरव्या ड्रेसला माया जास्त ठेव. पोरगी अजून वाढायची आहे." त्या परत आल्या नाहीत.

आता मी जावेच्या गळ्यात असते. माझं माप चुकतं हे तिला ठाऊक आहे, तरीही. काम करता करता तिचा अंगठा माझ्यावरून फिरतो. बाईंच्या कंबरेच्या खुणा पुष्कळ आहेत. दंडाच्या दोनच.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणत नाही, मी चिंधी झाले तरी चालेल. पण आजारातून उठणारं माणूस अंगाने भरलं, की लगेच तब्येत सुधारली म्हणू नका. त्याने आज काय खाल्लं, त्याला जिना चढवतो का, ते विचारा. परवा एक बाई आल्या, डोक्याला रुमाल बांधलेला. "कंबरेत सैल शिवा," त्या ओशाळून म्हणाल्या. "जाड झालेय फार. जेवण कमी केलंय आता."

जावेने गळ्यातून मला काढलं.

"कंबर राहू द्या," ती म्हणाली. "आधी हात पुढे करा."