सोनुबाईच्या तोंडातला बाण

खळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. कशेळ्याहून, वरच्या वाड्यांवरूनही लोक आले होते. सोनुबाईच्या बोळक्या तोंडात देवी बाण काढते, अन् तो बाण चेटकिणीचं घर दाखवतो, हे साऱ्यांना बघायचं होतं.

साल सेहेचाळीस. गावातल्या पोशाची दोन लेकरं एका आठवड्यात तापाने गेली होती. कुणी केलं, ते शोधायला हा बुवा आणला होता.

त्याने गरम पाण्यात मऊ केलेली लाख सोनुबाईच्या हिरड्यांवर दाबून आदल्या दिवशीच दोन पट्ट्या घडवल्या होत्या. वरच्या पट्टीला टोकदार खिळा, खालच्या पट्टीवर पत्रा. पत्र्यावर दिव्याची काजळी धरून त्याने दोन्ही तिच्या तोंडात बसवल्या.

"हं आई, जबडा पुढं... मागं... आता डावीकडं... मागं... उजवीकडं. देवी लिवतेय, बोलू नको!"

"बोलंल कशी? तोंडात पत्रा हाय," शेजारची जया म्हणाली. कुणी हसलं नाही.

बुवाने खालची पट्टी सरळ बाहेर ओढून तळव्यावर धरली. काजळीत पांढरा बाण उमटला होता. टोक आमच्या दाराकडे.

दारात माझी आई, गौराबाई, तांदूळ पाखडत होती. पोशाच्या लेकरांना तापात तिनेच पेज पाजली होती.

"गौरे, दिवस मावळायच्या आत गाव सोड," पोशा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.

"बरं," आई म्हणाली. सूप चालूच राहिलं. मी तिचा पदर धरून उभी होते. रडल्याचं आठवत नाही.

तेवढ्यात शाळेतले सहदेव गुरुजी पुढे झाले. त्यांनी सर्वांदेखत तोंडातली कवळी काढून दाखवली अन् पुन्हा बसवली.

"मुंबईत ही करताना माझ्याही तोंडात असाच खिळा अन् अशीच काजळी होती. जबडा पुढे अन् दोन्ही बाजूंना सरकवला, की कुणाच्याही तोंडात हा बाण निघतो. जबडा पुरता मागे असताना खिळा बाणाच्या टोकावर येतो. ती जागा धरून वरखालचे दात जुळवतात. बुवा, कुठल्या दातांच्या डॉक्टरकडे होता तुम्ही कामाला?"

"मास्तर, देवीची थट्टा नको!"

"नाही करत. सोनुबाई, बुवांकडे तोंड करून बसा."

गुरुजींनी पत्र्यावर पुन्हा काजळी धरली. पुन्हा पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं. या वेळी टोक बुवाच्या पोटाकडे.

"आता रं? याला कधी घालवायचा गावाबाहेर?" जया म्हणाली.

"बाण नाकासमोरच निघतो," गुरुजी म्हणाले. "सोनुबाईंना गौराबाईच्या दाराकडे तोंड करून कुणी बसवलं, अन् पेजेची गोष्ट बुवाला कुणी सांगितली, तेवढं आठवा."

सगळे खाली बघू लागले. बुवा पट्ट्या टाकून केव्हा सटकला, कळलंही नाही.

पोशा तिथेच उभा. "मंग माजी पोरं कशानं गेली, गुरुजी?"

"तापानं, पोशा. नुसत्या तापानं."

माफी कुणी मागितली नाही. आई गावातच राहिली, पण तिने पुन्हा कुणाच्या लेकराला पेज पाजली नाही.

आता माझ्याही तोंडात कवळी आहे. तुम्हाला कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी एवढं करा: माणसाचं तोंड दुसरीकडे फिरवा, अन् पुन्हा बघा.