पेपर चारचे सतरा साक्षीदार

२००३ च्या जूनमध्ये बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागला. कुलदीप राठोड सगळ्या पेपरांत पास झाला होता, फक्त एका पेपराला तो गेलाच नव्हता. निदान गुणपत्रिकेत तसं छापलेलं होतं : इतिहास, पेपर चार, गैरहजर.

कुलदीपला तो पेपर चांगला आठवत होता. तीन तास लिहून त्याने दोन पुरवण्या जोडल्या होत्या आणि बोटाला आलेला फोड आठवडाभर टिकला होता. एवढं लिहून माणूस गैरहजर ठरत असेल, तर हजर माणसं आत काय करत असतील, हे काही त्याला कळेना.

एरवी त्याने हसून सोडून दिलं असतं. पण त्याचा सरकारी कॉलेजात बी.एड.ला नंबर लागला होता. पंधरा जुलैपर्यंत पास झाल्याची गुणपत्रिका दाखवायची, नाहीतर जागा खालच्या नंबराला जाणार. साखऱ्याजवळच्या त्यांच्या बंजारा तांड्यातून आजवर कुणी मास्तर झालेलं नव्हतं. तांड्याच्या शाळेवर नेमलेला मास्तर होता, पण तोही लोकांनी फार ऐकलेला, थोडा पाहिलेला.

कॉलेजने सांगितलं, हजेरीचा कागद सीलबंद करून विद्यापीठाला पाठवलाय. विद्यापीठ एसटीने चार तासांवर. तिथे खिडकी नंबर सातमध्ये गोपाळराव नावाचे क्लार्क बसत. माणूस गोड. कधी खेकसत नसत, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

"तू हजर होतास, याला पुरावा काय बाळा?"

"साहेब, माझी उत्तरपत्रिका तुमच्याकडंच आहे की. काढून बघा."

"उत्तरपत्रिका हजर विद्यार्थ्याची शोधता येते. तू गैरहजर आहेस. गैरहजर माणसाची उत्तरपत्रिका शोधायला मला नियमच नाही."

"मग मी हजर कसा होऊ?"

"अर्ज कर. पुरावा जोड."

कुलदीपने पाच चकरा मारल्या, पाच अर्ज दिले. प्रत्येक अर्जावर गोल शिक्का बसला. सहाव्या खेपेला गोपाळरावांनी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि विचारलं, "पुरावा आणला का रे?" विद्यापीठाने त्याच्यासाठी केलेली ही सर्वात मोठी हालचाल होती.

त्या संध्याकाळी तांड्याचे नायक रूपसिंग यांनी त्याला हटकलं. सत्तरीचा माणूस, तांड्याचे तंटे तोडणारा. नसाब, म्हणजे तांड्याची पंचायत, बसली की ज्याने पाहिलं त्याने उठून सांगायचं, नायकाने ऐकायचं आणि निकाल द्यायचा. तिथे कधी कुणी कागद मागितला नव्हता.

"काहून तोंड पाडून राहिला रे?"

कुलदीपने सांगितलं. नायक हसायलाच लागले.

"तू पेपराला व्हता याचा पुरावा पाह्यजे? अरे, आमी समदे तिथंच व्हतो की!"

हे खरं होतं. पेपराच्या दिवशी तांड्याची सतरा माणसं टेम्पोतून तांड्यातल्याच एका पोरीच्या सगाईला निघाली होती. कुलदीपला कॉलेजच्या फाटकाशी उतरवलं आणि तिथेच टेम्पोचा पाटा तुटला. तीन तास सगळी लिंबाखाली बसून होती. कुलदीपला आत जाताना सतरा जणांनी पाहिलं, बाहेर येताना सतरा जणांनी पाहिलं. नायक तर मध्येच उठून खिडकीतून डोकावूनही आले होते.

"इतके साक्षीदार खुनाला मिळत न्हाईत," नायक म्हणाले. "चला समदे."

नऊ जुलैला सतराच्या सतरा माणसं विद्यापीठात उतरली. त्यांतल्या निर्मलाबाईंनी ठेवणीतला आरशांचा घागरा घातला होता. वॉचमन काठी सावरत पुढे आला.

"मोर्चा आहे का? कोणत्या पक्षाचे?"

"पक्षाचे न्हाई. नवरीकडचे," नायक म्हणाले.

तरी वॉचमनने वर फोन केला. जे पाच अर्जांना जमलं नव्हतं ते एका घागऱ्याने केलं. पंधरा मिनिटांत खुद्द उपकुलसचिवांच्या खोलीचं दार उघडलं. साहेबांनी पंखा लावला, वही उघडली आणि एकेकाला बोलू दिलं. नायकांना ते फार आवडलं. नसाब अशीच असते.

"पोरगं आत गेलं तवा सदरा कोरा व्हता," निर्मलाबाई म्हणाल्या. "भाईर आलं तवा खिशावर शाईचा डाग. म्या सवता पाह्यला."

"किती वेळ होता तुम्ही तिथे?"

"पेपर सुरू व्हायच्या आदीपासून सुटंपर्यंत. बराबर तीन तास."

"आणि खिडकीपाशी कोण गेलं होतं?"

"मी," नायक छाती काढून म्हणाले. "लेकरू लिहून राहिलं व्हतं. म्या म्हनलं, घाबरू नको, लिव्ह. मंग येका सायबानं हाकललं मला."

साहेबांनी सगळं लिहून घेतलं. खाली सतरा अंगठे आणि सह्या घेतल्या. इतकं मन लावून कुलदीपचं म्हणणं विद्यापीठात याआधी कुणीच ऐकलं नव्हतं. परतताना एसटीत त्याने बी.एड.च्या वसतिगृहात न्यायच्या सामानाची मनातल्या मनात यादी केली.

तेरा तारखेला रजिस्टर पत्र आलं. चार दिवसांत! कुलदीप ते पिंपळाच्या पारावर उभ्यानेच वाचू लागला.

विद्यापीठाने लिहिलं होतं की सतरा साक्षीदारांचे जबाब विश्वासार्ह वाटतात. त्यावरून सदर विद्यार्थी इतिहास पेपर चारला हजर होता, हे मान्य करण्यात येत आहे. त्याच जबाबांवरून असंही सिद्ध होतं की परीक्षा केंद्राबाहेर विद्यार्थ्याच्या बाजूच्या सतरा जणांचा जमाव पूर्ण तीन तास होता आणि त्यातल्या एकाने खिडकीतून विद्यार्थ्याला लिहिण्यास सांगितलं, असं तो स्वतःच कबूल करतो. सबब सामूहिक कॉपीच्या नियमाखाली सदर विद्यार्थ्याची संपूर्ण परीक्षा रद्द करण्यात येत असून, पुढील दोन परीक्षांना बसण्यास मनाई करण्यात येत आहे. साक्षीदारांनी केलेल्या सहकार्याबद्दल आभार.

नायक काठी टेकत आले. मागून बाकीचेही जमले.

"काय म्हनतेत?"

कुलदीपने वर पाहिलं. सतरा तोंडं उजळून वाट बघत होती. यांच्यातल्या एकानेही एक अक्षर खोटं सांगितलेलं नव्हतं.

"तुमचं सगळं खरं मानलं, नायक."

"हजर धरलं?"

"धरलं."

"म्या म्हनलं न्हवतं? मोठ्या जागी मानूस ऐकून घेतंय. आपनच उगं कागदं पाठवतो." नायकांनी गूळ आणायला सांगितलं. मग नातीला हाक मारली. संगिता यंदा बारावी झाली होती आणि तिला पुढे शिकवावं की नाही, याचा निकाल महिनाभर लागत नव्हता. तो आत्ता लागला. "हिचाबी फारम भर रे कुलदीप. तुज्याच कालेजात."

कुलदीपने पत्राची घडी घातली. सांगावंसं वाटलं. पण तोंडात कुणीतरी गूळ घातला होता.

"आन हिच्या पेपराला," नायक सगळ्यांकडे वळून म्हणाले, "आपन आदीच जाऊन बसू. टेम्पो मोडायची वाट काहून बघायची?"

कोण कोण येणार याची लगेच मोजणी सुरू झाली. आकडा तेवीसवर गेला.