काजवालीची खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. माझा एक पाय किंचित आखूड आहे आणि बसलेलं माणूस हललं की मी कुरकुरते. वयोमानाप्रमाणे तेवढं चालायचंच. पण मित्रांनो, माझी पाठ बघा. सरळ, रुंद, अजून कुठे ढिली न पडलेली. या पाठीपायीच तर माझा जन्म झाला.

एका शिवणकामाच्या कारखान्यात बायका बिनपाठीच्या बाकड्यांवर बसून शर्टांना काजं-बटणं करायच्या. त्यांतल्या एकीचा हात असा भराभर चालायचा की सगळे तिला काजवालीच म्हणायचे. ती गरोदर होती. दिवस भरत आले तसं बाकड्यावर बसणं तिला जड जाऊ लागलं, म्हणून तिनं मालकाकडे पाठीची खुर्ची मागितली.

"एकीला दिली की उद्या सगळ्या मागतील," मालक म्हणाला.

"मग सगळ्यांना द्या."

मालकानं ते हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवसापासून काजवाली उभ्यानं काजं करू लागली. तिचं बघून शेजारची उठली, मग तिच्या शेजारची. अख्खी रांग उभी राहिली आणि काम रेंगाळू लागलं तेव्हा मालकाच्या तोंडचं पाणी पळालं आणि सुताराला बोलावणं गेलं. त्यानं केलेल्या खुर्च्यांत मी पहिली. काजवाली माझ्यावर बसली, पाठ टेकली आणि डोळे मिटून हसली. एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

कारखाना बंद पडला तेव्हा ती मला घरी घेऊन आली. माझ्यावर चढून बल्ब बदलले गेले, माझ्या पाठीवर ओले टॉवेल वाळले. पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी गॅलरीत झाली. तिथे मी बरीच वर्षं ऊन खात काढली. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

एके दिवशी काजवालीच्या मुलीनं मला उचललं. ती नर्तकी झाली होती आणि आईच्या आयुष्यावर नाच आणि कवितांचा एक प्रयोग बसवत होती. कविता तिच्या, वाचायच्या आईनं, आणि रंगमंचावर सामान म्हणून फक्त मी. मला पॉलिश झालं. मी अगदी हुरळून गेले.

तालमीत मात्र त्या पोरीनं मला पालथं करून पाठीवर घेतलं आणि ती वाकत वाकत जमिनीला टेकली. मी म्हणजे आईच्या जन्माचं ओझं, असं त्या नाचात होतं. मी आणि ओझं? मला रडूच कोसळलं असतं, पण लाकडाला ती सोय नाही.

बाजूला माईकपाशी आई वाचत होती:

"तिनं लावली परक्यांच्या सदऱ्यांना बटणं,
तिचा श्वास मात्र उसवतच गेला..."

आई थांबली. तिनं चष्मा काढला. "श्वास कुठे उसवतो गं? मला काय दमा होता?"

मुलगी हसली नाही. प्रयोग उद्यावर आला होता. "आई, तू काय काय सोसलंस ते लोकांना कळायला नको?"

"बोटांना सुई टोचते ते खरं दाखवलंस. मला भरून आलं. पण सोसण्याशिवाय मी काहीच केलं नाही का? या खुर्चीखाली पार दाबून टाकलंस मला. मी नाही पुढे वाचायची."

असं म्हणून ती माझ्यावर येऊन बसली आणि माझ्या जन्माची सगळी हकिकत तिनं सांगितली. लेक खाली फरशीवर बसून ऐकत राहिली.

"हे मला कधीच का नाही बोललीस?"

"त्यात काय बोलायचं? पाठ दुखत होती, खुर्ची मागितली."

"आता शेवट काय करू मी?"

"ते तू बघ. नाचणारी तू आहेस." पण वाचायला ती तयार झाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉल भरला. मुलगी माझ्याशेजारी उभी राहिली आणि उभ्यानंच हवेत काजं करू लागली. हात चालत होते, पाय थरथरत होते, पण ती बसेना. कविता वाचून संपल्या तरी बसेना. तिला शेवट सापडलाच नव्हता. घामानं निथळत ती नाचत राहिली आणि माझा जीव टांगणीला लागला.

तेव्हा आईनं हातातले कागद खाली ठेवले. माईक सोडून ती सरळ मधोमध आली आणि तिनं मला लेकीच्या मागे सरकवलं.

"बस आता," ती घरात म्हणते तशी म्हणाली. "पाठ टेक."

लेक बसली. तिची धाप माझ्या पाठीला जाणवत होती. आई मागे उभी राहून तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवत होती. प्रयोग तिथेच संपला.

मित्रांनो, आम्हा जुन्या खुर्च्यांचे खिळे अधूनमधून ठोकून घेत जा, एवढं तर मी मागणारच. पण घरातल्या आईची गोष्ट जगाला सांगायची झाली, तर आधी तिला नीट बसवा आणि तिलाच विचारा. ती कशानं वाकली ते तुम्हाला दिसलेलं असतं. ती कशासाठी उभी राहिली, ते तिलाच ठाऊक असतं.