ओळीओळीवर दिव्यानी

चंद्रपुरातल्या त्या छोट्या ऑफिसात राईस मिलचं सॉफ्टवेअर प्रफुलने एकट्याने लिहिलं होतं, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे. मग दिव्यानी नोकरीला लागली, स्वतःचा मॅक लॅपटॉप घेऊन, आणि प्रफुलचं पोट दुखायला लागलं. मालक गुणवंतरावांनी तिला नुसता चहा विचारला तरी याला झोंबायचं.

गडचांदूरचं एक मोठं काम येऊ घातलं होतं. त्याचा प्रमुख कोण, हे सोमवारी ठरणार होतं. त्याच सकाळी प्रफुलने वजनकाट्याच्या कोडची फाइल उघडली आणि त्याचं डोकंच फिरलं. कुठली ओळ कुणी लिहिली या नोंदीत वरपासून खालपर्यंत एकच नाव होतं, दिव्यानी. त्याचं नाव औषधालाही उरलं नव्हतं. राबलो मी आणि पाटी हिची, असं म्हणत तो आतल्या आत जळत बसला.

पण गडी कच्च्या गुरूचा चेला नव्हता. कारण त्याने शोधून काढलं. त्याच्या विंडोजवर प्रत्येक ओळीच्या शेवटी न दिसणाऱ्या दोन खुणा असतात, मॅकवर एकच. दिव्यानीच्या एडिटरने, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्रामने, फाइल सेव्ह करताना ओळीओळीची एक खूण उडवली होती, म्हणून सगळ्या ओळी तिनेच बदलल्यासारख्या दिसत होत्या. त्या एडिटरचं एक सेटिंग बदललं असतं तर विषय मिटला असता. गुपचूप मिटवणारा तो प्रफुल कसला? त्याला तिची फजिती चारचौघांत हवी होती.

त्याने गुणवंतरावांना आपल्या टेबलाशी बोलावलं, दिव्यानीलाही.

"सर, पाहा. सगळं हिच्याच नावावर दिसून राह्यलं. आता ओळीच्या शेवटचा फरक लपवतो. मंग समजन कोणाचं काम किती आहे ते."

त्याने बटण दाबलं. दिव्यानीचं नाव गेलं आणि जिकडेतिकडे प्रफुल आला. काय गार वाटलं त्याला! तेवढ्यात गुणवंतरावांनी पडद्यावर बोट ठेवलं. मधल्या काही ओळी अजून तिच्याच नावावर होत्या.

"हे का होय?"

"दोन ट्रक संगं आले की वजनाची अदलाबदल होत होती ना सर," दिव्यानी म्हणाली. "ते दुरुस्त केलं."

सावली गावचे मिलवाले वर्षभर त्याच चुकीपायी फोनवर ओरडत होते. आणि वर्षभर प्रफुल त्यांना ठणकावून सांगत होता की खराबी तुमच्या काट्यातच आहे.

"गडचांदूरचं काम दिव्यानी पाहीन," एवढंच म्हणून गुणवंतराव गेले.

दिव्यानीचं लक्ष अजून पडद्यावरच होतं. "प्रफुलभाऊ, माह्या एडिटरचं सेटिंग नीट लावून द्या ना. त्याच्यानं तुमचं नाव पुसलं जाते, हे मले माहीतच नव्हतं."

तिने मुद्दाम केलं असतं तर निदान तिचा राग तरी करता आला असता. प्रफुलने तिचा मॅक जवळ ओढला आणि मान वर न करता सेटिंग लावायला घेतलं.