अर्ज शंकररावांवर काढा

आबिड्सच्या मागच्या गल्लीतल्या देगलूरकर वकिलांच्या ऑफिसात प्रिंटरांना माणसांची नावं होती. शंकरराव नावाच्या कारकुनाशेजारी ठेवला तो शंकरराव. कारकून निवृत्त होऊन गेले, प्रिंटर राहिला. दर चार पानांमागे रुसून बसणारी ती भामा, आणि एकदा सुरू झाली की थांबायचं नाव न घेणारी ती गंगू. "अर्ज शंकररावांवर काढ," असं म्हटलं की नव्या माणसालाही आठवड्याभरात उमगायचं.

ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मेघनाला मात्र हा सगळा पोरखेळ वाटायचा. बाळंतपणाची रजा संपवून ती नुकतीच कामावर आली होती. जिन्याखालच्या कपाटात जुना प्रिंट सर्व्हर धापा टाकत होता. साऱ्या कॉम्प्युटरांकडून मजकूर घ्यायचा आणि ज्याच्या त्याच्या प्रिंटरकडे धाडायचा, एवढंच त्याचं काम. तो बदलायचं काम तिने मागून घेतलं आणि रविवारी एकटीने पारही पाडलं. आता हात लागलाच आहे तर कोपराही झाडून घ्यावा, तशी तिने नावंही बदलली. पहिला मजला डावा, पहिला मजला उजवा, तळमजला. कसं लख्ख दिसत होतं! ती गुणगुणत घरी गेली.

सोमवारी संध्याकाळी तिच्या चिऊचं उष्टावण होतं. पहिला घास मामाचा, म्हणून भाऊ सारंग चांदीची वाटी घेऊन नांदेडहून आला होता, आणि रात्रीच्या गाडीने परतणार होता. मेघनाला फक्त दुपारच्या चहानंतर निघायचं होतं.

सकाळी ऑफिसात पाऊल टाकलं तर टायपिस्ट फरहाना कमरेवर हात ठेवून उभी. "मॅडम, शंकरराव कां गए? हैच नै कॉम्प्युटर में!"

"अगं, तोच आता पहिला मजला डावा."

"डावा बोले तो? जिने कू मुँह करके, या पीठ करके?"

मेघना जिन्याकडे तोंड करून उभी राहिली, मग पाठ करून. याचा विचार तिने केलाच नव्हता.

मग जे व्हायचं ते झालं. भाडेकरार वरच्या मजल्यावर निघाला, बिलं खाली. एका बाईंचा घटस्फोटाचा अर्ज स्वागतकक्षात निघाला आणि तिथे वाट बघत बसलेल्या आजोबांनी तो चष्मा लावून पूर्ण वाचला. "लिहिलंय छान," ते म्हणाले, "पण नवऱ्याची बाजू नाही आली." भरीस भर म्हणजे कोर्टाचे अर्ज तयार करणारं सॉफ्टवेअर अजून शंकररावांनाच हाका मारत होतं. ओ द्यायला कोणी नव्हतं.

"जुनं यंत्र परत लाव," गिरीशसर, तिचे वरिष्ठ, म्हणाले. लावलं, पण म्हातारा एकदा झोपला तो झोपलाच. "मग प्रत्येक टेबलाशी जाऊन शिकव सगळ्यांना. वेळ लागेल. आज घरचं काही नाही ना?" सूर खोचक होता. "लेकुरवाळ्यांना मोठी कामं देऊ नयेत म्हणतात, ते उगाच नाही."

मेघनाचे डोळे भरून आले. उष्टावण काही पुन्हा होत नाही. ती एकेका टेबलाशी जाऊन समजावू लागली. जेवणाची वेळ टळून गेली तरी निम्मी टेबलंसुद्धा झाली नव्हती, आणि ज्यांना शिकवलं ते पुन्हा विचारत होते, "म्हणजे आपली भामाच ना?"

तेवढ्यात सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर चिऊ पालथी पडून चादर चोखत होती. कोणी हौशी पाहुण्या आल्या होत्या आणि जन्मपत्रिकेतल्या नावाने तिला बोलावत होत्या, "मृण्मयी! ए मृण्मयी!" लेकीने कानही हलवला नाही. सासूबाई नुसतं "चिऊ" म्हणाल्या, तर बोळकं पसरून गर्रकन वळली.

मेघना जागच्या जागी थबकली. आपण माणसांना नावं शिकवत फिरतोय. ज्या नावाला ती सगळी वळतात, ते तर आपणच पुसून टाकलंय!

ती धावत आपल्या खुर्चीवर गेली. नव्या सर्व्हरला जुन्याचं नाव दिलं. शंकरराव, भामा, गंगू, तिघांना जिथल्या तिथे बसवलं. कॉम्प्युटरांना तीच नावं ठाऊक होती, म्हणून कुठल्याही टेबलाशी जावं लागलं नाही. ती चाचणीचं पान काढणार, तोच वरून घरघर ऐकू आली. सकाळपासून अडकलेले अर्ज सॉफ्टवेअरने एकदम सोडले होते.

"आ गए शंकरराव!" फरहाना ओरडली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

थोरले वकील आबासाहेब ऊन ऊन कागद हातात घेऊन खाली आले. "कोणी केलं हे?"

"बिघडवलंही मीच, साहेब, आणि नीटही मीच केलं," मेघना म्हणाली. "आता मी निघू का? लेकीचं उष्टावण आहे."

"उष्टावण? आणि तू इथे बसलीयेस?" आबासाहेब गिरीशसरांकडे वळले. "गिरीश, हिला आधी ऑटो बघून दे. आणि पुढच्या महिन्यात वरच्या मजल्याचं नेटवर्क बदलायचंय, तेही हीच करेल."

गिरीशसर ऑटो शोधायला गेले.

सुलतान बाजारात ऑटो मुंगीच्या पावलाने सरकत होता. घरी अंबरपेठेत पोचेस्तोवर मुहूर्त टळला होता आणि गुरुजी दक्षिणा घेऊन गेले होते. मेघना उंबऱ्यातच थांबली. आत पाटावर सारंग चिऊला मांडीवर घेऊन बसला होता. समोर खिरीची वाटी भरलेली तशीच होती.

"तुझा भाऊ हट्टी आहे हो," सासूबाई म्हणाल्या. "म्हणे, आई आल्याशिवाय चमचा उचलणार नाही."

"हात धुऊन ये आधी, ताई," सारंग म्हणाला. "माझी गाडी चुकली तर भावोजी सोडतील नांदेडला."

मेघना ओल्या हातांनीच शेजारी येऊन बसली. सारंगने खिरीचं बोट चिऊच्या ओठांना लावलं. तिने भुवया आक्रसल्या, सगळ्यांकडे रागाने पाहिलं आणि पहिला घास मामाच्या नव्या सदऱ्यावर थुंकला. घर हसण्याने दणाणलं. आणि त्या गलक्यात, मेघनाचं बोट घट्ट धरून, लेकीने पुन्हा तोंड उघडलं.