चार मिनिटांची भाजी

मी एक जुनी लोखंडी कढई आहे, हे माझं बूड पाहूनच तुम्ही ओळखलं असेल. मित्रांनो, बोरीच्या एका लोहारानं मला ठोकून ठोकून खोलगट केलं. तेव्हापासून मला दोनच गोष्टी कळतात: जाळ आणि माणसाचा हात.

परभणीत बबिताताईंची खानावळ आहे. तिथे एकवीस वर्षं माझा कान कडूबाईंच्या हातात होता. कृषी विद्यापीठातली पोरंपोरी आमच्याकडे जेवायची. कडूबाई भाजी फोडणीला टाकायच्या, माझ्यावर ताट झाकायच्या आणि ताटात तांब्याभर पाणी ओतायच्या. त्या वाफेवर दोडकी, गवार मऊ व्हायची. कौतुक कडूबाईंचं होई. मला सगळे काळी म्हणत. तक्रार नाही.

दिवाळीनंतर स्वयंपाकघरात एक पांढरी पेटी आली. ती रात्रंदिवस गुरगुरते. मंडईत ताज्या मटाराचे ढीग लागलेले असताना हिच्या पोटात मटार, फरसबी, गाजर, सगळं चिरलेलं आणि खड्यासारखं टणक.

"मढ्यावानी गार हाय," कडूबाई म्हणाल्या. त्यांनी ते कोमट पाण्यात भिजवलं, तीनदा धुतलं, फोडणीला टाकलं आणि सवयीनं वर पाण्याचं ताट ठेवलं.

ताट आलं की माझ्या पोटात काळोख होतो. त्या काळोखात मी फरसबी संपताना पाहिली आहे. ती ओरडत नाही. नुसता चिखल होतो.

आठवड्यात अकरा डबे बंद झाले. बबिताताई म्हणाल्या, "मावशी, रविवारी पुन्हा असला लगदा झाला तर सोमवारपासून येऊ नका. ही कढई बी भंगारात घालते."

"भाजीच तसली हाय, ताई."

"भाजीला काय धाड भरली? मशीनवर चिरून आलीय."

कडूबाई मला घासायला घेऊन बसल्या. लेक आणि सून ऊसतोडीला गेलेले. दोन नातवंडं त्यांच्यापाशी होती. इथल्या कामावरच तिघांची चूल पेटत होती.

रविवारी ऋतिका आत आली. ही आमच्याकडेच जेवणारी, अन्नतंत्र शिकणारी पोरगी.

"मावशी, ही भाजी अर्धी उकडूनच गोठवलेली असती. भिजवू नका, पिशवीतून थेट टाका. कढई आधी लय तापू द्या. थोडी थोडी टाका, मीठ शेवटी. आन् झाकू नका."

"झाकू नको? एकवीस वर्सं झाकायलेय मी."

"ती भाजी येगळी होती."

"आता कालिजात कालवण शिकवायलेत म्हणा की!"

पण त्यांनी मला तापवलं. इतकं की मला लोहार आठवला. तेल, जिरं, आणि मग मूठभर गारठलेले दाणे. चर्र! पाणी सुटताच उडून गेलं. दुसरी मूठ, तिसरी. फरसबी हिरवीगार राहिली.

तेवढ्यात बबिताताई आल्या. "उघडीच? समदी वाफ चाललीय!" म्हणत त्यांनी पाण्याचं ताट उचललं. माझ्यावर सावली पडली.

कडूबाईंनी त्यांचं मनगट धरलं. "ठिवू नका."

या खानावळीत मालकिणीचं मनगट कोणी धरल्याचं मला आठवत नाही. ताट हवेतच राहिलं.

भाजी उतरली. बबिताताईंनी एक फरसबी चावली. ती दाताखाली वाजली. बाहेर पोरांनी दोनदा वाढून घेतलं.

"किती वेळ लागला ओ, मावशी?" बबिताताईंनी विचारलं.

"चार मिंटं," कडूबाई म्हणाल्या. मोठ्या अभिमानानं म्हणाल्या. मी अजून तापलेली होते, तरी मला हुडहुडी भरली.

बबिताताईंनी पांढरी पेटी उघडून आत पाहिलं. "निवडायचं न्हाई, चिरायचं न्हाई, चार मिंटात व्हतंय. मग उद्यापासून मीच करीन की. तुमी आता आराम करा, मावशी. लय कष्ट केले."

लगदा झाला तर काढीन, असं त्या म्हणाल्या होत्या. नाही झाला तर काय, हे कोणी विचारलंच नव्हतं.

तर मित्रांनो, गोठवलेली भाजी थेट तापल्या कढईत टाका आणि झाकू नका. ती शिजवणाऱ्या बाईलाही जपा. आणि एवढं करा: लोखंडाची कढई घासून झाली की लगेच पुसा, तेलाचा हात फिरवा, नाहीतर गंज चढतो. कडूबाई हे एक दिवसही विसरल्या नाहीत. बबिताताई मला पाणी भरून मोरीत ठेवतात.

परवा मटारावर तांबूस ठिपके दिसले. पोरं म्हणाली, मसाला असेल.