पाहुण्याला दिलेल्या जागेवरचा खांब

सरकारी कचेरीसमोर रंगाचे अकरा थर चढूनही एका अंगाला कललेला जो खांब दिसतो ना मित्रांनो, तो मी. झेंड्याचा खांब. वय पन्नाशीपुढे. स्वभाव ताठ असायला हवा होता. पण पाहू नये ते पाहून आंबट झाला.

मी याच बेटावरच्या रानातलं सरळ वाढलेलं झाड होतो. सरळ वाढणाऱ्याचं जे होतं तेच माझं झालं. इंग्रज साहेबाला झेंडा लावायचा होता. जागा मागायला तो तारिलिऊकडे गेला. इथलं कोनफळाचं शेत त्याचं. आमच्याकडे पाहुण्याला जमीन वापरायला देतात. पाहुणा गेला की ती घरी परत येते. तारिलिऊने डुक्कर कापलं, साहेबाला जेवू घातलं आणि त्याच्या कागदावर आनंदाने अंगठा उठवला. कागदावर 'कायमची' असं लिहिलं होतं. जेवून उठलेला पाहुणा खोटं लिहील, ही शंकाही तारिलिऊला अभद्र वाटली असती.

पाठोपाठ फ्रेंच साहेब आला. त्याचाही खांब. मग कुंपण. एका बेटाला दोन सरकारं, दोन पोलीस, दोन तुरुंग! चोर आधी चौकशी करायचे, जेवण कुठल्या तुरुंगात बरं. बेटावरची माणसं मात्र ना इंग्रज ना फ्रेंच. कागदोपत्री ती कुणीच नव्हती. रोज सकाळी दोन शिपाई दोरीने आम्हा खांबांची उंची मोजत. एखादा झेंडा बोटभर वर गेला तर दोन्ही साहेब दिवसभर पत्रं लिहीत. वादळात शाळेचं छप्पर उडालं, तेव्हा मात्र दोघांनाही शाई सापडली नाही.

तारिलिऊ वारला. त्याच्या लेकीने, लेइपाकोआने, माझ्या पायाशी नामेलेच्या झाडाचं पान रोवलं. ते पान असेल तिथे पाऊल टाकायचं नाही, आणि पंचांपुढे डुक्कर दिल्याशिवाय ते काढायचं नाही. इंग्रज मडमेने ते उपटून फुलदाणीत ठेवलं. मला चीड आली. पण बाईला अर्थ ठाऊक नव्हता, एवढी सूट मी तिला दिली.

मग ऐंशी साल उजाडलं, स्वातंत्र्य आलं. दोन्ही झेंडे उतरले. शेजारच्या खांबाचं सरपण झालं. माझ्यावर नवा झेंडा चढला. त्यावर डुकराचा वळलेला सुळा आणि आत नामेलेची दोन पानं. जमीन ज्याची त्याला परत, असं जाहीर झालं. मला वाटलं, आता आपल्याला पालवी फुटणार.

आठवड्याभरात लेइपाकोआ बियाण्याची कोनफळं घेऊन आली. तिने ताजं पान रोवलं. नवा अधिकारी टाय सावरत बाहेर आला. हा काल्मारी, तिच्या बहिणीचा मुलगा. बहीण गेल्यावर तिनेच वाढवलेला.

"मावशी, इथे नको. सरकारी जागा आहे."

"सरकार गेलं ना बोटीत बसून? मी स्वतः हात हलवून आले."

"ते त्यांचं गं. आता आपलं आलंय."

"मग बरंच की! आपल्या जागेत आपलं कोनफळ. सरक."

"परत दिली ती गावाकडची जमीन. ही सार्वजनिक हितासाठी..."

"हा हित कुणाच्या घरातला रे? बोलाव त्याला, मी समजावते."

कुंपणाबाहेरचे लोक खो खो हसले. काल्मारीचे कान लाल झाले. तो वाकला आणि त्याने पान उपटलं.

हसू जागच्या जागी थांबलं. मडमेला अर्थ ठाऊक नव्हता, याला होता. लहानपणी असं पान दिसलं की हाच मुलगा अर्धा मैल वळसा घालून शाळेत जायचा. वर माझ्या टोकावर तीच दोन पानं फडफडत होती. मित्रांनो, खांबाला ओकता येत नाही.

लेइपाकोआने कोनफळं टोपलीत भरली. "पाहुणा बरा," ती म्हणाली, "तो कधीतरी जातो."

आता दरवर्षी स्वातंत्र्यदिनी मला रंग देतात, आणि मला टेकून काल्मारी 'जमीन आपली आई' यावर भाषण करतो. त्याच्या घामाचा तो स्पर्श मला नकोसा होतो.

आत्मकथेच्या शेवटी जुन्या वस्तूने मुलांना सांगायचं असतं, की आमची काळजी घ्या. माझी घेऊ नका. मला आतून वाळवी लागली आहे. औषध मारू नका, कुणाला सांगूही नका. आणि मी पडलो की दुसरा खांब आणायच्या आत लेइपाकोआला हाक मारा. लागवडीच्या दिवसांत ती कुंपणाबाहेरच बसलेली असते.